पांढऱ्या दोऱ्याच्या रांगा

मित्रांनो, कळीच्या आत शिरून काम करणारा चिमटा तुम्ही बहुधा पाहिला नसेल. मी तसा एक जुना चिमटा आहे. बोटभर लांब, पोलादी, सुईसारख्या टोकांचा. मला घासणारा म्हातारा कारागीर माझ्या टोकांत स्वतःच्या मिशीचा केस धरून ओढून पाही. केस निसटला नाही, तेव्हाच त्याने मला खोक्यात ठेवले. माझे बरेच भाऊ घड्याळजीकडे गेले, काही दवाखान्यात गेले. मी गेलो बियाण्यांच्या कंपनीत.

तिथे टोमॅटोचे संकरित बी तयार होई. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या लांबलचक शेडमध्ये मादी झाडांच्या रांगा होत्या. कळी उमलण्याआधी तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर झाडाचे पराग लावायचे, असे ते काम. पुंकेसराचा तुकडा आत राहिला, तर फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि त्याचे बी संकरित होत नाही. असे बी थोडेसे जास्त मिसळले, तरी सगळ्या शेडचे बी नापास. शेडमध्ये बारा बायका होत्या. काम झालेल्या फुलाच्या देठाला प्रत्येकीने आपापल्या रंगाचा दोरा बांधायचा. मी जिच्या हाती आलो, तिचा दोरा पांढरा. सगळ्या तिला मावशी म्हणत.

मावशीच्या बोटांत मी सुखाने नांदलो. पाहुणे आले की साहेब त्यांना थेट आमच्या रांगेत आणत आणि मावशीचे हात दाखवत. ती मान वर करत नसे. पण त्या दिवशी मला दोनदा पुसून ठेवी.

पुढे तिची सूनही त्याच शेडमध्ये कामाला लागली. तिचा दोरा निळा. मुलगा मालवाहू गाडीवर, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणून सासू-सुना एकत्र येत, एकत्र जात.

मग एका हंगामात मावशी कुरकुरू लागली, की शेडचे प्लॅस्टिक मळले आहे, उजेड धुरकट येतो. एका सुट्टीच्या दिवशी तिने स्वतः शिडी लावून ते धुऊन काढले. उजेड धुरकटच राहिला. मग ती मला कळीत घालून टोकाने चाचपडू लागली. चिमट्याला डोळे कशाला हवेत? टोकाला जे लागते ते मला कळतेच. तुकडा आत राहिलेला मला कळे. पण मित्रांनो, मला आवाज नाही. ती मला कळीतून काढून दोऱ्याकडे वळे आणि तुकडा तसाच आत राहून जाई.

हंगामाच्या आधी कंपनी डोळे तपासत असे. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे वाचायची. त्या वर्षी मावशीने ती आधीच पाठ केली होती. सुनेला तक्त्याजवळ उभे करून, "बघू तुला किती वाचता येतं ते," असे थट्टेने म्हणत तिने ती सुनेकडूनच वाचून घेतली होती. सून काय समजायचे ते समजली.

दुपारी बायका जेवायला बसल्या, की मी रांगेच्या खांबावर खिळ्याला अडकवलेला असे. सून चार घास घाईने खाऊन परत येई आणि पांढऱ्या दोऱ्याची एकेक कळी उघडून पाही. राहिलेला तुकडा स्वतःच्या चिमट्याने काढी, पराग सांडायला लागलेली कळी खुडून टाकी. हे रोज चाले. त्यापायी तिच्या स्वतःच्या रांगा मागे पडू लागल्या. सुपरवायझरबाई तिला सगळ्यांदेखत बोलल्या. मावशीनेही तोंड सोडले. घराण्याचे नाक कापलेस, म्हणाली.

घरी जाताना सून एकदाच म्हणाली, "आई, आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

मावशी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी सुपरवायझरबाईंनी मावशीला विचारले, की सुनेचे काय करायचे. मावशी म्हणाली, "माझी सून म्हणून ठेवू नका."

सुनेला फळे धुण्याच्या शेडमध्ये पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिळ्यावरून वाट पाहत राहिलो. पांढऱ्या दोऱ्याच्या रांगेत कोणीच आले नाही. त्या दिवशीच्या कितीतरी कळ्या मला एकेक आठवतात.

फळे पिकली, बी निघाले, तपासणी झाली. सगळ्या शेडचे बी नापास ठरले. पोतीच्या पोती नष्ट करायला नेली. बारा बायकांची हंगामभराची मेहनत गेली, आणि पुढच्या हंगामाला हे शेड बंद राहील असे कळवण्यात आले.

दर आठवड्याच्या फुलांचे, प्रत्येकीच्या रांगेतले थोडे बी वेगळ्या पाकिटात ठेवत. तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी ते पेरले होते. त्यांनी मावशीला बोलावले. ती मला हातात घेऊनच गेली. टेबलावर रोपांचे सात-आठ ट्रे मांडले होते. संकरित रोपाचे खोड जांभळे, बिघडलेल्याचे हिरवे. बाई शांतपणे म्हणाल्या, की मावशी, सहाव्या आठवड्यापर्यंत तुमचे सगळे जांभळे आहे. सातव्यापासून निम्मे हिरवे.

"सातव्या आठवड्यात काय झालं?"

मावशी वाकली. तिला रंग दिसत नव्हता. तिने बोटांनी एकेक खोड चाचपले, जणू रंग हाताला लागणार होता. मग ती सरळ झाली.

"सातव्या आठवड्यात मी माझ्या सुनेला हाकललं," ती म्हणाली.

मी तिच्या हातून फरशीवर पडलो. माझे एक टोक वाकले.

तिने मला तसेच कनवटीला खोचले आणि धुण्याच्या शेडमध्ये गेली. सुनेचे हात कोपरापर्यंत आंबट गरात होते.

"माझ्या कळ्या तू कधीपासून तपासत होतीस?"

"पहिल्या दिवसापासून, आई. बोलले असते तर तुमचं काम गेलं असतं."

मावशी तिथेच पालथ्या क्रेटवर बसली. सून हात न धुताच तिच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरकडे गेल्या. मोतीबिंदू असता तर काढला असता, डॉक्टर म्हणाले, पण हा काचबिंदू आहे. यात गेलेली नजर परत येत नाही. तुम्ही हंगामाच्या आधी आला असतात तर बरीच राहिली असती. सुनेने हे ऐकले आणि ती खाली बघत राहिली. मावशीने चाचपडत तिचा हात शोधला.

आता सून रोज दोन वेळा तिच्या डोळ्यांत थेंब घालते. मी बटणांच्या डब्यात पडून आहे. माझ्यासाठी मला काही मागायचे नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी सुई ओवायला तुमच्याकडे देत असेल, पायरीवर पाऊल ठेवण्याआधी थबकत असेल, तर गुपचूप मदत करून थांबू नका. त्या सुनेची माया खरी होती, तरी तिने सहा आठवडे फक्त कळ्या सांभाळल्या. तुम्ही त्या माणसाचा हात धरा आणि त्याला दवाखान्यात न्या. तो रागावेल. आठ दिवस बोलणार नाही. तरीही न्या.