खाली ठेवलेला चाकू

मी मुद्देमाल क्रमांक सतरा बोलतोय. साताऱ्याच्या ह्या पोलीस ठाण्यातल्या कागदावर माझं नाव एवढंच आहे. त्याआधी चाळीस वर्षं मी नाथाजीचा चाकू होतो. मिटणारा, खिशात मावणारा, चार बोटं लांबीच्या पात्याचा. आज गुरुवार आहे आणि सोमवारी सकाळी अकराला मला गॅस कटरनं कापणार आहेत. तेव्हा ऐकायचं असेल तर आत्ताच ऐका.

माझा जन्म वडूजचा. भाऊसो लोहारानं मला ट्रकच्या मोडक्या पाट्यातून घडवलं. मूठ म्हशीच्या शिंगाची, खिळे पितळेचे. पाठीत त्यानं एक कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवली, ती इतकी कडक की ओळख नसलेल्याला मी दाद देत नाही. उघडताना अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत धरायचं. मिटताना बोटं आधी बाजूला घ्यायची. हे भाऊसो प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन-दोनदा सांगायचा.

नाथाजी तेव्हा पलटणीतून रजेवर आला होता. त्यानं हात पुढं केला, पण भाऊसोनं मला त्या हातात दिलं नाही. ऐरणीवर ठेवलं.

"उचल गड्या."

"हातात द्याया काय झालं?"

"धार हातातनं हातात गेली की भांडान लागतं. तुजं-माजं वाकडं आलं तर तुज्या बाच्या विळ्याला धार कोन लावंल?"

नाथाजी हसला आणि त्यानं मला उचललं. त्या दिवसापासून त्यानं कुठलीही धार कधी कुणाच्या हातात दिली नाही. खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. पलटणीतले पंजाबी सोबती त्याला यावरून चिडवायचे. पण वर्षभरानं तेही चाकू खाटेवर ठेवून "ले, उठा" म्हणायला लागले.

मी पहिला होतो, एकटा राहिलो नाही. जिथं बदली होईल तिथल्या बाजारातून नाथाजी एक चाकू घेई. रामपूरचा, पितळी मुठीचा. काश्मीरचा, अक्रोडाच्या लाकडाचा. आसामचा, बांबूच्या मुठीचा. हिंदुराव नावाचा त्याचा सोबती बर्फात गेला, तेव्हा नाथाजी त्याच्या गावी जाऊन आला. हिंदुरावच्या बायकोनं नवऱ्याचा चाकू उंबऱ्यावर ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिली. नाथाजीनं तो उचलला. असे आम्ही सदतीस झालो. छत्तीस जण काळ्या लष्करी ट्रंकेत झोपायचे. मी त्याच्या बंडीच्या खिशात.

पेन्शनवर आल्यावर दर रविवारी तो अंगणात पोतं अंथरून आम्हाला मांडायचा, शिलाई मशीनचं तेल लावायचा, एकेकाला उघडून मिटायचा. मनुबाई, त्याची बायको, दारातून बघत म्हणायची, "लोकंडाला लय त्याल. माजं गुडगं कुरकुर करत्यात, तिकडं एक थेंब न्हाई."

"तुज्या गुडग्याला कमान न्हाई गं, म्हातारे," नाथाजी म्हणायचा.

आता माझं काम सांगतो, कारण पुढं माझ्याबद्दल जे छापून आलं त्यात हे नव्हतं. मी कांदा चिरलाय, ऊस सोललाय, खताच्या पोत्यांची सुतळी कापलीय, डाळिंबाची फांदी छाटलीय. सगळ्यात जास्त मी बाभळीचे काटे काढलेत. आमच्या वस्तीवरच्या निम्म्या तळपायांना मी ओळखतो. पूर्वी दर दुसऱ्या माणसाच्या खिशात माझ्यासारखा एक असायचा. मग त्या खिशात मोबाइल आला. आता माणसं पार्सल दातानं फोडतात, किल्लीनं ओरबाडतात, आणि शेवटी हाक मारतात, "नाथातात्या, चाकू हाय का वो?" तात्या मला कट्ट्यावर ठेवायचा. ते उचलायचे. काम झालं की परत ठेवायचे. कुणाला कधी खरचटलंसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात नाथाजी हयातीचा दाखला द्यायला साताऱ्याला गेला. माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा सरकारला दाखवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. त्या कचेरीच्या दारात नवी तपासणीची चौकट बसवली होती. नाथाजीनं काही लपवलं नाही. चौकट वाजायच्या आधीच तो म्हणाला, "खिशात चाकू हाय, सायेब. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, जाताना नेतो."

दारावर रविराज नावाचा तरणा शिपाई होता. सकाळपासून उभा, पाठीमागं शंभर म्हाताऱ्यांची रांग.

"दे इकडं."

नाथाजी वाकला आणि मला पायरीवर ठेवलं.

"उचला."

"मी काय तुझा गडी हाय का, वाकून उचलायला? हातात दे."

"हातात देत न्हाई, सायेब. भांडान लागतं."

रांगेतले म्हातारे हसले. ते नाथाजीच्या बाजूनं हसले, त्या पोराला हसले नव्हते. पण हसू अंगावर आलं की माणूस बाजू बघत नाही. रविराज लालबुंद झाला. त्यानं मला उचललं, सगळ्यांना पातं दिसावं म्हणून उघडलं, आणि रागारागात मिटलं. बोटं बाजूला घ्यायची असतात हे त्याला भाऊसोनं सांगितलं नव्हतं.

रक्त आलं. मी कापलं, हे मी कबूल करतो. नाथाजी तेव्हा दोन पावलं लांब उभा होता. त्याच्या हातात तो जिवंत असल्याचा कागद होता.

तक्रारीत लिहिलं गेलं, तपासणीस विरोध करून चाकूनं दुखापत केली. संध्याकाळी पोलिसांची गाडी गावात आली. ट्रंक उचलली गेली. ज्या दारातून ती बाहेर काढली, त्याच दाराच्या खुंटीला उसाचे दोन कोयते लटकत होते, माझ्या चौपट लांबीचे. त्यांच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. कोयते चालतात. खिशात मावणारा म्हणजे गुन्हेगार, असं ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्हाला टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडलं, पाती उघडून. मागं माणसं ओळीनं उभी राहिली. फोटो झाला. 'माजी सैनिकाच्या घरी शस्त्रसाठा. सदतीस घातक चाकू जप्त.' ही बातमी मी नीट वाचली आहे, कारण त्याच पेपरात मला गुंडाळून इथं ठेवलं. चार कॉलम. लिहिणाऱ्यानं वडूजला फोन केला नाही. नाथाजीला एक प्रश्न विचारला नाही. काटा काढायला एवढासा चाकू लागतो हे त्याच्या घरातल्या कुठल्याही म्हातारीनं त्याला सांगितलं असतं. पोलिसांचं पत्रक आलं, ते छापलं. 'घातक' हा शब्द पत्रकात नव्हता. तो त्यानं पदरचा घातला.

पुढं दीड वर्ष तारखा झाल्या. रविराजनं शेवटी न्यायाधीशांसमोर खाली मान घालून सांगितलं, "चाकू माझ्याच हातून मिटला." उशिरा बोलला, पण बोलला. न्यायालय म्हणालं, हे घरगुती आणि शेतीच्या वापराचे चाकू आहेत, मारहाण झालेली नाही. नाथाजी सुटला. चाकू त्यानं ओळख पटवून, सही करून परत न्यावेत. कुणी नेले नाहीत तर नष्ट करावेत.

सुटल्याची बातमी किती कॉलम आली? एक ओळ नाही. त्या पेपरवाल्यांकडं जागा नव्हती म्हणे. शस्त्रसाठ्याला जागा असते.

त्या न छापलेल्या एका ओळीनं मला मारलंय, ते कसं, ऐका.

नाथाजीची मुलगी दीपमाला सांगलीला विश्रामबागेत राहते. तिची मुलगी संयोगिता पोलीस भरतीत निवडली गेलीय. पहाटे उठून मैदानावर धावून, दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा. आता तिच्या चारित्र्याची पडताळणी बाकी आहे. आजोबांच्या चाकूंचा तो फोटो कॉलनीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर अजून फिरतो.

परवा मंगळवारी नाथाजी आला. दीपमाला बरोबर होती. इथला मुद्देमाल मंगलताई सांभाळतात, हवालदार आहेत. पोरीच्या पडताळणीचं दीपमालानं त्यांना आल्या आल्याच सांगितलं. त्यांनी मला पेपरातून सोडवलं आणि सरळ त्याच्या हातात दिलं. त्यांना रिवाज माहीत नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी हातातून हातात गेलो. मी तेव्हाच समजलो की आता आमच्यात वाकडं येणार.

नाथाजीचं नख आपसूक खाचेत गेलं आणि मी उघडलो. दोन वर्षांनी उघडलो. कमानीला थोडा गंज चढला होता, पण त्याच्या अंगठ्याला मी दाद दिली. मंगलताईंनी ते बघितलं.

"आबा," दीपमाला म्हणाली. एवढंच.

नाथाजीनं मला मिटलं. बोटं आधी बाजूला घेतली. मग म्हणाला, "ह्यो माजा न्हाई."

"आजोबा, तुम्ही सुटलाय," मंगलताई म्हणाल्या. "सही करा आणि घेऊन जा. नातीला ह्याचं काही होत नाही. मी सांगते ना."

"तुम्ही सांगता, ताई," दीपमाला म्हणाली. "पेपरातबी कुणीतरी सांगितलंच होतं. आबा सुटले हे कुठं लिवून आलंय? पडताळणीला येणारा ही मुद्देमालाची वही बघणार. सदतीस चाकू आणि खाली आबांची सही. त्याला मी काय काय समजावू? माझी पोरगी तीन वर्षं धावलीय."

"आणि ते बाकीचे छत्तीस?"

नाथाजीनं कपाटाकडं बघितलं. वरच्या कप्प्यात हिंदुरावचा चाकू होता.

"त्ये बी न्हाईत."

मंगलताईंनी मला परत घ्यायला हात पुढं केला. नाथाजीनं तो हात बघितला. मग भिंतीचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, आणि मला फरशीवर ठेवलं.

"तुमचा नाही म्हणता, मग खाली का ठेवलात?"

"सवय हाय, बाय." तो उठत म्हणाला. "तुजं-माजं भांडान कशाला?"

तो गेला. दारात एकदा थांबला, पण मागं वळला नाही. वळला असता तर त्यानं सही केली असती, हे त्याला माहीत होतं.

मी नाथाजीवर रागावलेलो नाही. नातीपुढं सदतीस लोखंडाचे तुकडे काहीच नाहीत, आणि दीपमालाची भीती वेडी असली तरी खोटी नाही. ती भीती तिला कुणी दिली, त्याच्याकडं माझं बोट आहे. बातम्या लिहिणाऱ्यांनो, तुमच्याकडं अजून शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार असे चार अंक आहेत. दया नको, मोठा मथळाही नको. 'नाथाजी सुटला, चाकू शेतीचे होते' एवढी एक ओळ छापा, त्याच पानावर. विश्रामबागेत तुमचा पेपर सकाळी सातला पडतो. सोमवारी सातला दीपमालानं ती ओळ वाचली, तरी साताऱ्याची गाडी अकराच्या आत पोहोचते.

मंगलताईंनी मला कपाटात कोंडलं नाही. फरशीवरून उचलून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलंय, आत येणाऱ्याला दिसेल असं. जाता-येता त्या माझ्याकडं बघतात, मग दाराकडं बघतात. त्यांच्या हातात एवढंच आहे.

मी मिटलेला आहे. धार आत आहे. मला नाथाजीनं टाकलं नाही, खाली ठेवलंय, आणि आमच्याकडं खाली ठेवलेली धार कुणीतरी उचलायची असते. सोमवारी अकरापर्यंत वेळ आहे. कुणीतरी वाका.