तीनशे चादरींचं इंग्रजी

इंग्रजीत मी दोनदा नापास झालेय, हे आधीच सांगून टाकते. एकदा सोळाव्या वर्षी आणि एकदा गेल्या वर्षी, बेचाळिसाव्या. पहिल्या वेळी वडिलांनी आठवडाभर अबोला धरला. दुसऱ्या वेळी नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, आता या वयात कशाला?" मला त्याचाच जास्त राग आला.

कशाला म्हणजे? हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मी एकोणीस वर्षं आहे. आमचे सुपरवायझर रिटायर झाले, तेव्हा ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, काम तुमच्याइतकं कुणालाच येत नाही. पण दहावी पास लागतं. जूनपर्यंत सर्टिफिकेट आणा, नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल." बाहेरचा! रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की पक्का बसतो, हेही ज्याला ठाऊक नाही, तो मला शिकवणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाकीचे विषय सुटले होते. एक इंग्रजी तेवढं मानगुटीवर बसलेलं. काळ आणि वाक्यरूपांतर, या दोघांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. पुस्तक उघडलं की डोकं बंद. होकारार्थीचं नकारार्थी करा, कर्तरीचं कर्मणी करा. अरे, आहे ते वाक्य बरं आहे ना, कशाला त्याची उठाठेव?

माझी जाऊ, आमची धाकटी, माझ्याच लॉन्ड्रीत कामाला आहे. बारावी शिकलेली आणि त्याचा तोरा मिरवणारी, म्हणून आमचं फारसं कधी जमलं नाही. पण एक दिवस दोघी समोरासमोर टोकं धरून चादरीची घडी घालत असताना तीच म्हणाली, "ताई, तुम्हाला पुस्तक जमत नाही ना, मग चादरीवर करू."

"चादरीवर काय लिहिणार आहेस, बाई?"

"लिहायचं नाही. मी जवळ येताना वाक्य देईन. तुम्ही मागे सरून चादर ताणायची आणि परत जवळ येईपर्यंत उत्तर द्यायचं. चुकलं तर घडी मोडायची."

घडी मोडायची! दिवसाला तीनशे चादरी होतात आमच्या. पहिल्या दिवशी एकच चादर आम्ही अकरा वेळा उलगडली. बाकीच्या बायका पोट धरून हसल्या. मी धाकटीला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे टोकं हातात देऊन म्हणाली, "आय वॉश द शीट. आता भूतकाळ."

"आय वॉश्ड द शीट!"

"कर्मणी करा."

"द शीट वॉज... वॉज वॉश्ड बाय मी!"

चार महिने हेच चाललं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळ्यांवर इंग्रजी झालं. "नो सूनर"नं मात्र मला रडवलं. खरंच रडले मी, धुतलेल्या टॉवेलातच तोंड खुपसून. धाकटी म्हणाली, "रडा, पण तो टॉवेल परत मशीनमध्ये टाका."

परीक्षेच्या दिवशी शेजारी सोळा वर्षांची मुलं आणि मध्ये मी. पेपर हातात आला आणि डोक्यात पुन्हा अंधार. एक शब्द आठवेना. मग माझं मलाच कळलं, हात मोकळे आहेत म्हणून डोकं चालत नाही. मी बाकाखाली हात नेले, चिमटीत टोकं धरली आणि ताणलं. वाक्य वाचलं, हात जवळ आणले. उत्तर आलं! मी लिहीत सुटले. लिहायचं, की हात परत बाकाखाली.

तिसऱ्या प्रश्नाला पर्यवेक्षक बाईंनी माझं मनगट धरलं. "काय लपवलंय खाली?"

"काही नाही. मी घडी घालतेय."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी पेपर काढून घेतला आणि केंद्रसंचालकांना बोलावलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आता रिपोर्ट झाला, तर तीन वर्षं परीक्षेला बसू देत नाहीत. पण कर नाही त्याला डर कशाला? मी उठून उभी राहिले.

"झडती घ्या माझी. आणि कॉपी करतेय असं वाटत असेल, तर पेपराबाहेरचं विचारा. इथेच, सगळ्यांसमोर!"

केंद्रसंचालक म्हातारे, जाड चष्म्याचे. बाईंनी माझी झडती घेतली. बाकाखाली, पदरात, चपलेत, कुठेच काही नाही. सरांनी चष्मा वर केला. "ठीक आहे. ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन होम. नो सूनर वापरा."

तेच! नेमकं तेच मेलं वाक्य! पुढच्या बाकावरच्या मुलीनं माझ्यासाठी श्वास रोखला. मी दोन्ही हात उचलले, सगळ्यांदेखत हवेतली चादर ताणली, एक पाऊल मागे गेले, एक पुढे आले.

"नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन होम!"

"कर्मणी. शी हॅज रिटन अ लेटर."

"अ लेटर हॅज बीन रिटन बाय हर."

सर हसले. "यांना पेपर परत द्या. गेलेली दहा मिनिटं जास्त द्या. आणि त्यांना हात वर घेऊन घडी घालू द्या, बाकाखाली कशाला?"

मग काय, मी राजरोस घड्या घातल्या. पेपर पुरा झाला तेव्हा मी घामानं भिजले होते आणि जन्मात पहिल्यांदा इंग्रजीचा पेपर देऊन मला भूक लागली होती.

निकाल साहेबांनीच कॉम्प्युटरवर पाहिला. इंग्रजीत एकसष्ट. एकसष्ट! मी त्यांना दोनदा वाचायला लावलं. त्यांनी माझ्या नावाची ऑर्डर टाईप केली, सही केली, शिक्का मारला. मी कागद घेऊन पळत लॉन्ड्रीत आले. धाकटी मशीनपाशी होती. मी ओरडले, "पास झाले गं!" सहा मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाईना. धाकटी कानाला हात लावून विचारतेय, काय, काय?

चालू पाळीत मशीन थांबवायचा हक्क एकट्या सुपरवायझरचा असतो. मी भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.