मालकाच्या रकान्यातला शब्द

मित्रांनो, कागद मुका असतो असं म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. कुणी नीट वाचलं तर कागदही बोलतो. मी एक जुना अर्ज आहे, घरकर्जाच्या विम्याचा. अंगावर चार पानं, एका कोपऱ्यात गंजलेली पिन आणि वर लाल शिक्का. माझ्यामुळे एका भल्या माणसावर काय वेळ आली आणि तिचा उलगडा कसा झाला, ते ऐका.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी ऐटीत होतो. पुढच्या पानावर जाड अक्षरात छापलं होतं, ‘तुमचं घर, आमची जबाबदारी’. मागच्या पानांवर मुंगीएवढी अक्षरं होती. ती काय म्हणतात ते मलाही ठाऊक नव्हतं. स्वतःची पाठ स्वतःला कुठे दिसते?

बँकेत एक गृहस्थ विमा विकायचे. कडक उन्हातही गळ्यात टाय, म्हणून सगळे त्यांना टायसाहेब म्हणत. एके दिवशी त्यांच्यासमोर एक घड्याळजी येऊन बसले. दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं. एका खोलीला उत्तरेची खिडकी होती, तिच्यापाशी कामाचं टेबल मांडायचं, असं ते हौसेनं सांगत होते. कर्जाच्या कागदांखालून टायसाहेबांनी मला हळूच पुढे सरकवलं.

“हा विमा. उद्या काम थांबलं तर घराचे हप्ते कंपनी भरेल.”

“घ्यावाच लागतो का?” घड्याळजींनी विचारलं.

“फाइल वर जायची तर असतोच हो.”

घड्याळजींनी पेन काढलं. नाव, पत्ता, वय, सगळं सुबक अक्षरात लिहिलं. व्यवसायापुढे ‘घड्याळ दुरुस्ती’ लिहिलं. पुढचा रकाना होता ‘मालकाचे नाव’. तिथे त्यांचं पेन अडलं. मग ते स्वतःशीच हसले आणि लिहिलं, ‘मीच’. टायसाहेब तोवर शेवटचं पान उघडून बसले होते. “इथे, इथे आणि इथे सही.” दिवसभर भिंग लावून केसाएवढे स्क्रू शोधणारा तो माणूस, पण माझ्या बारीक अक्षरांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तीन सह्या करून, हात जोडून निघून गेला.

मग सहा वर्षं मी कपाटात होतो. एक घर आपल्या भरवशावर उभं आहे, या विचारानं छाती फुगवून पडून होतो.

आणि एक दिवस मला बाहेर काढलं. घड्याळजींच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. चिमट्यात धरलेला काटा जागेवर बसेना. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं, म्हणून त्यांनी विम्याचे पैसे मागितले होते. मला वाटलं, आता आपली कामगिरी! पण कंपनीतल्या कारकुनानं माझं तिसरं पान उघडलं, नवव्या कलमावर बोट ठेवलं आणि माझ्यावर शिक्का हाणला, ‘नामंजूर’. कलम असं होतं : ‘हा विमा केवळ पगारी नोकरदारांसाठी आहे.’

मित्रांनो, माझ्या पाठीवर काय लिहिलंय ते मला त्या दिवशी कळलं. लाजेनं अर्धमेला झालो.

घड्याळजींची बायको शाळेत ग्रंथपाल होती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा वाचणारी बाई. तिनं तक्रार निवारण कार्यालयात अर्ज दिला, आणि मी एका तपासनीस बाईंच्या टेबलावर येऊन पडलो. बाई चौकस होत्या. इतर लोक मला शेवटून उघडत, सही बघायला. यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मधेच थांबल्या, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं आणि सगळ्यांना बोलावणं धाडलं.

सुनावणीच्या खोलीत एक टेबल, पाच खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा होता. एका बाजूला घड्याळजी आणि त्यांची बायको, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि टायसाहेब.

“सही तुमचीच ना?” बाईंनी विचारलं.

“माझीच,” घड्याळजी म्हणाले.

“वाचून केली होतीत?”

थरथरणारा हात त्यांनी टेबलाखाली घेतला. “नाही. खोटं कशाला बोलू?”

“अहो, निदान मला तरी दाखवायचं होतं!” बायको पुटपुटली आणि तोंड फिरवून बसली.

“मग विषयच संपला,” वकील म्हणाले. “‘अटी वाचल्या, समजल्या’ याच्याखाली सही आहे.”

“तो एक विषय संपला,” बाई म्हणाल्या. “मला दुसरंच कोडं पडलंय. ज्यांनी विकला त्यांना माहीत होतं का, की हा विमा यांच्या काडीच्याही उपयोगाचा नाही?”

टायसाहेब सावरून बसले. “मला कसं कळणार बाई? ते नोकरीत नाहीत हे त्यांनी मला सांगितलंच नाही.”

बाईंनी मला उचललं आणि पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं. “मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय, जरा मोठ्यानं वाचता?”

“मी... मीच.”

वकिलांनाही हसू फुटलं. हसले नाहीत ते फक्त टायसाहेब. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “खरं सांगू? पहिलं पान मी कुणाचंच वाचत नसे. सह्या पुऱ्या आहेत का, एवढंच बघायचो.”

“आणि विम्याशिवाय फाइल वर जात नाही, हे?”

“जात होती,” टायसाहेब म्हणाले. टायची गाठ त्यांनी सैल केली. “पण तसं सांगितलं की लोक पुढे प्रश्न विचारत नसत.”

आठवड्यानं त्याच खोलीत बाईंनी निकाल सांगितला. विमा चुकीच्या माणसाला, चुकीचं सांगून विकला होता. विम्यापोटी भरलेला प्रत्येक हप्ता कंपनीनं व्याजासह परत करायचा. पण आजारपणाचे पैसे मिळणार नव्हते, कारण या विम्यात घड्याळजी कधी बसतच नव्हते.

“म्हणजे सहा वर्षं आम्ही विम्याशिवायच होतो?” बायकोनं विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “ते मला बदलता येत नाही.”

घड्याळजींनी वेगळंच विचारलं. “बाई, मग मी मूर्ख ठरलो की नाही?”

“न वाचता सही केलीत, ती चूक तुमची. पण तुम्ही खरं लिहून दिलं होतं आणि ते वाचणं त्यांचं काम होतं.”

हे ऐकून बायकोनं नवऱ्याचा थरथरता हात टेबलाखालून ओढून वर घेतला आणि आपल्या हातात धरला. निघेपर्यंत सोडला नाही.

पुढे तिचं पत्र आलं, ते माझ्याच फाइलला लावलंय. परत आलेल्या पैशांत घराचे काही महिने निभावले. आता उत्तरेच्या खिडकीपाशी पुतणी कामाला बसते. घड्याळजी घड्याळ कानाशी धरून बिघाड कुठे आहे ते सांगतात आणि चिमटा तिच्या हातात असतो. घर टिकलंय, ओढाताण आहेच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढेही माझे भाऊबंद येतील. जाड अक्षरांना भुलू नका आणि बारीक अक्षरांना कंटाळू नका. समोरचा घाई करू लागला तर मुद्दाम सावकाश वाचा. कळलं नाही तर विचारा, “हे माझ्या कामाचं आहे का?” आणि उत्तर मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका. त्या दिवशी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर मी कोराच राहिलो असतो. मला ते फार आवडलं असतं.