ओळंब्यातल्या रेघा

सांडू गवंड्याच्या हातून उभ्या आयुष्यात भिंत वाकडी गेली नाही, आणि तिथंच त्याची चोरी पकडली गेली.

चोरी मोठी नव्हती. पाच वर्षांची नात सई बालवाडीच्या वहीत उभ्या रेघा काढायला तयार नव्हती. पेन्सिल दिली की आजोबासारखी कानावर खोचायची आणि म्हणायची, "आबा, आधी चहा." तिची आई वाळूजला कामाला. संध्याकाळी वही कोरी दिसली की दोघांनाही बोलणी. म्हणून सांडूनं आठ पानं स्वतःच भरून टाकली. जरा वाकड्या काढाव्यात, असं मनात होतं, पण ओळंब्याच्या सरळ दोरीला सरावलेला हात ऐकेना.

पडेगावच्या त्या बालवाडीतल्या मृण्मयीबाईंनी वही बघितली आणि आजा-नातीला समोर उभं केलं.

"आजोबा, या रेघा कुणी काढल्या?"

"सईनं."

"ओळंबा लावून?"

"ओळंबा आबाच्या पिशवीत असतो, बाई," सईनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

बाई हसल्या नाहीत. "येत्या सोमवारी सईनं माझ्यासमोर स्वतःचं नाव लिहायचं. नाही जमलं तर आणखी एक वर्ष छोट्या गटात. हिच्या शेजारी बसणारा शिवम वर जाईल, ही इथंच राहील."

बाहेर आल्यावर सईचा चेहरा पडला. "आबा, शिवम वर गेला तर माझ्या डब्यातली भेंडी कोण खाईल?"

सांडू स्वतः अक्षर शिकला पंचेचाळिसाव्या वर्षी. थापी लीलया फिरवणाऱ्या त्याच्या बोटांत पेन्सिली मोडायच्या. आधी हात वळतो, मग अक्षर वळतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं वही माळ्यावर टाकली. सकाळी सईला कणकेचे गोळे वळायला बसवलं, दुपारी सुपातल्या तुरीतले खडे चिमटीनं वेचायला. मग बादलीभर पाणी आणि जुना ब्रश दिला.

"भिंत रंगव. वरून खाली. मधी थांबायचं नाय."

पाणी वाळलं की रेघ गायब, पुन्हा काढ. पाचव्या दिवशी सई चाळलेल्या रेतीत काडीनं आपलं नाव काढू लागली. खाली मिशाही काढायची.

"मिशा कुणाच्या गं?"

"साहेबरावकाकाच्या."

साहेबराव शेजारी. रविवारी त्यांच्या नव्या ओट्यावर सांडूनं सिमेंटचा कोबा घोटला, घोटून आरसा केला आणि हात धुवायला नळावर गेला. तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. धावत येऊन बघतो तर ओल्या कोब्यावर हातभर 'सई', खाली झुपकेदार मिशा, आणि बाजूला काडी धरून सई.

"सांडूभाऊ, पुसा हे!" साहेबराव खिडकीतून गरजले.

सांडूनं थापी उचलली. मग त्या 'ई'ची दोन्ही वळणं बघितली. कुणी हात धरला नव्हता. त्यानं थापी बाजूला ठेवली.

"पुसतो की. उद्या बाईंनी बघितलं की पुसतो."

"उद्या? उद्या दगड होईल त्याचा!"

"व्हय," सांडू म्हणाला.

सोमवारी बाईंनी पेन्सिल दिली. सईनं ती कानावर खोचली. "मी कालच लिहिलंय. चला, दाखवते."

घर बालवाडीच्याच गल्लीत होतं. बाई आल्या, ओट्यापाशी वाकल्या आणि सांडूकडं बघितलं. "आजोबा, पुन्हा तुम्हीच का?"

सांडू तोंड उघडणार तोच साहेबराव बाहेर आले, कालपासूनची तक्रार घेऊन. "बाई, ही तुमचीच पोरगी ना? माझ्या डोळ्यांदेखत केलं हो तिनं! कोंबडीसारखी उकिडवी बसून!"

"आजोबांचा हात नव्हता?"

"तो नळावर होता. आणि सांडूचा हात असता तर इतकं वाकडं गेलं असतं का?"

आता बाई हसल्या. तरी नियम तो नियम. त्यांनी पर्समधून खडू काढला. सईनं जीभ बाहेर काढून, नाक ओट्याला टेकवत, शेजारी दुसरी 'सई' काढली. पहिलीपेक्षा वाकडी.

"मोठा गट," बाई म्हणाल्या.

साहेबराव घुटमळले. मग हळूच म्हणाले, "आता ओटा खराब केलाच आहेस, तर माझंही नाव लिही की."

"लिहिलंय की, काका," सई म्हणाली. "खाली मिशा बघा ना."