मी मोजलेले सव्वीस सेकंद

मी एक स्टॉपवॉच आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा एका खोक्यात आम्ही वीस भावंडं होतो. बाकीची शाळांच्या मैदानांवर गेली, शर्यती मोजायला. मी एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलो. शर्यत तिथेही होती. फक्त जिच्यासाठी सगळे धावायचे ती व्यक्ती खाटेवर निपचित पडलेली असायची.

मला तिथे आणलं मोठ्या डॉक्टरांनी. हृदय बंद पडलं की छाती दाबत राहावं लागतं, तरच रक्त मेंदूपर्यंत पोचतं. पण मध्येच कुणी नाडी बघतं, कुणी घशात नळी घालतं, आणि तेवढा वेळ छातीवरचे हात निघतात. ते नेमके किती वेळ निघतात, यावर डॉक्टरांचं संशोधन होतं.

"आपल्याकडे दहा सेकंदांच्या वर जात नसणार," ते म्हणायचे. "पण नुसतं म्हणून भागत नाही. मोजा."

मोजायचं काम सिस्टरांकडे आलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेली, जिभेने तिखट बाई. त्यांना नियम घालून दिले होते: कोपऱ्यात उभं राहायचं, रुग्णाला हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. हात निघाले की बटण, टेकले की बटण.

"जन्मभर हात चालवले, आता खांबासारखी उभी," त्या कुरकुरायच्या. पण त्यांचा अंगठा माझ्यावरून कधी ढळला नाही.

विभागात स्ट्रेचर ढकलणारे एक मामा होते. डॉक्टरांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांचेच मामा. घाबरलेल्या रुग्णाला सांगायचे, "निवांत पडा, माझ्या गाडीला ब्रेक चांगले आहेत." मला बघून सिस्टरांना चिडवायचे, "काय, आज कुणाचा पेपर?"

एका सकाळी रिकामं स्ट्रेचर परत आणताना मामा दारातच कोसळले.

त्यांच्याच स्ट्रेचरवरून त्यांना आत घेतलं. मोठे डॉक्टर धावत आले. सिस्टर पुढे झेपावल्या, पण छातीवर दुसऱ्यांचे हात आधीच पडले होते. "सिस्टर, तुम्ही मोजा!" डॉक्टर म्हणाले. त्या कोपऱ्यात गेल्या. त्यांचा अंगठा घामाने ओला झाला होता.

डॉक्टरांनी नळी घालायला घेतली. हात निघाले. मी सुरू झालो.

नळी जाईना. "जातेय, जातेय... थांबा जरा." सगळ्यांचे डोळे डॉक्टरांच्या हातांवर, छातीकडे कुणाचंच लक्ष नाही. दहा झाले. पंधरा. सिस्टरांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. वीस. शेवटी नळी गेली, हात टेकले, अंगठा पडला.

सव्वीस.

पाऊण तास सगळे झटले. मामा परत आले नाहीत.

दुपारी डॉक्टरांनी सिस्टरांना खोलीत बोलावलं. "किती?"

"सव्वीस."

डॉक्टर खिडकीकडे बघत राहिले. "आपलं माणूस होतं. सगळेच गडबडलो होतो. ही नोंद धरावी का, विचार करतोय."

"परक्याची धरली असती की नाही?" सिस्टर म्हणाल्या. "आणि मी गप्प उभी होते, तेही लिहा."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

आठ दिवसांनी मामी आल्या, मामांचं सामान न्यायला. डबा, चपला, एक स्वेटर. डॉक्टरांनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. "माझ्यामुळे सव्वीस सेकंद दाबणं थांबलं होतं. नसतं थांबलं तर ते वाचले असते का, हे मला खरंच माहीत नाही. पण इतकं थांबायला नको होतं."

मामींनी मांडीवर स्वेटरची घडी घातली. मग म्हणाल्या, "सव्वीस सेकंद म्हणजे किती हो?"

सिस्टरांनी बटण दाबून मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. मामी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी सव्वीसवर पोचलो तसा त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

"बराच वेळ असतो की," त्या म्हणाल्या, आणि स्वेटर पोटाशी धरून रडल्या.

त्यानंतर डॉक्टरांनी नियम बदलला. हात निघाले की मोजणाऱ्याने मोठ्याने आकडे म्हणायचे, आणि दहा म्हणताच, नळी गेलेली असो वा नसो, हात परत छातीवर. "माझ्यावर ओरडायलाही घाबरायचं नाही," ते सगळ्यांना सांगत. वर्षभराने पुन्हा मोजणी झाली, तेव्हा दहाच्या पुढे मी क्वचितच गेलो. सगळे वाचले असं नाही. पण काही जण आपल्या पायांनी घरी गेले, त्यांची पाठ मी पाहिली आहे.

आता मोजायला नवं यंत्र आलंय. माझे आकडे फिके पडलेत. महिन्यातून एकदा सिस्टर बाहेरच्या लोकांना रबरी पुतळ्यावर छाती दाबायला शिकवतात, तेवढ्यापुरता मी कपाटातून निघतो.

गेल्या खेपेला मामी आल्या होत्या, शेजारच्या चार बायकांना घेऊन. गुडघे दुखत असतानाही खाली बसल्या. पूर्ण दोन मिनिटं दाबत राहिल्या, घामाघूम झाल्या, पण थांबल्या नाहीत.

"चुकलं का कुठे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

सिस्टरांनी मला त्यांच्यासमोर धरलं. माझ्यावर शून्य होतं. हात एकदाही निघाला नव्हता.

तुम्हीही या. मी आहे तोवर मोजेन.