तानुबाईचा मावा

"तठेच उभी ऱ्हाय! आंग झटक आधी. तुना लुगडामा मावा शे."

थोरला दीर अभिमन दारातच आडवा उभा होता. तानुबाई जळगावहून सहाच्या मोटारीने उतरून दिवसभराची दमलेली आली होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पण अंग काही झटकलं नाही.

"मना लुगडामा काय नही शे, भाऊ."

विधवा झाल्यावर ती जळगावजवळच्या शेती संशोधन केंद्रावर रोजंदारीला लागली. सगळा मुलूख पिकावरच्या माव्याचा नायनाट करायला बघतो आणि ही सरकारी पगारावर मावा पाळते, यावर गाव पोट धरून हसायचं. जाळीदार कापडाच्या पिंजऱ्यांत निरोगी रोपं, त्यांवर तिने वाढवलेला मावा. साहेबांच्या प्रयोगांना रोगाचा स्पर्श न झालेले किडे लागायचे. ते जपणं हे तिचं काम.

यंदा मात्र हसू आटलं होतं. अभिमनच्या केळीत हरण्या रोग शिरला होता. पानांवर पिवळे पट्टे, मधले कोवळे पोंगे आतून कुजलेले. बोट कुणाकडे दाखवायचं हे अभिमनने ठरवून टाकलं होतं.

"नोकरी सोडी दे. नही ते घर सोड."

"नोकरी मी सोडाव नही," तानुबाई म्हणाली, "आनि घर बी सोडाव नही. घरमा मना नवराना वाटा शे."

थोरल्या दिरासमोर ती आजवर मान वर करून बोलली नव्हती. आतून थोरली जाऊ मंजुळाबाई ओट्यावर आली. शेजारचे म्हातारे कौतिक नानाही हातातला विडा तसाच ठेवून उठले.

"मंग रोग कथाईन उना?" अभिमनचा आवाज चढला.

"तुमनी काकडीवरतीन. मावा रोग लीसन जनमत नही, भाऊ. रोगी पान चाखं, ते तोंडले लागस. दोन-चार चांगला पानं चाखात, ते पुसाई जास. मना मावानी रोगी पान कधी चाखंच नही."

केळीच्या ओळींमध्ये काकडी मंजुळाबाईनेच लावली होती. वेलांची पानं केव्हाच चितकबरी होऊन आखडली होती, पण काकड्या लागत होत्या म्हणून कुणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. मंजुळाबाईचा चेहरा उतरला.

"नाना, तुमना बागमधला केळीना दोन पिलं द्या," तानुबाई कौतिक नानांना म्हणाली. "बठ्ठास्ना देखत करसू. मी खोटी पडनू ते मनी गाठोडी मी उचलसू. खरी पडनू ते काकडी उपटानी."

मावा गावात न्यायला केंद्रावरच्या साहेबांनी आधी नाही म्हटलं. ती जागची हललीच नाही. शेवटी त्यांनी स्वतः पिंजऱ्यांची कापडं तपासून बांधून दिली.

नानांच्या ओसरीत केळीच्या बुंध्याशी फुटलेली दोन पिलं कुंड्यांत लावून पिंजऱ्यांत ठेवली. एकावर तानुबाईने केंद्रावरचा मावा तसाच सोडला. दुसऱ्यासाठी तसलाच मावा थोडा वेळ उपाशी ठेवला, मंजुळाबाईच्या काकडीचं चितकबरं पान चाखायला दिलं आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलून पिलावर ठेवला. नंतर दोन्हींवरचे किडे मारून टाकले आणि कापडं पुन्हा आवळली. येणारा-जाणारा डोकावून जायचा. बायका पाण्याला जाताना तिला बघून पदर तोंडावर घेत. मोटारीत तिच्या शेजारी कुणी बसेना. तानुबाई खिडकीशी ताठ बसून जळगावपर्यंत जायची आणि तशीच परत यायची.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या पिलाच्या कोवळ्या पानावर पिवळ्या रेघा उमटल्या. पहिलं हिरवंगार होतं.

कौतिक नानांनी अभिमनला बोलावून आणलं. त्याने बराच वेळ दोन्ही पिंजऱ्यांत बघितलं.

"दोन्ही पिंजरा हिनाच. मी काय खरं मानू?"

असं म्हणून तो पायऱ्या उतरला. एवढं सगळं करूनही माणूस नुसती पाठ फिरवू शकतो, हे तानुबाईच्या हिशोबात नव्हतं.

पण मंजुळाबाई तिथेच उभी होती. "डोळास्नी देखं. आते आखो काय देखानं शे?" एवढंच ती म्हणाली. पदर खोचून ती सरळ मळ्याची वाट चालू लागली. तानुबाई तिच्या मागोमाग गेली. अंधार पडेपर्यंत दोघी जावांनी वेल उपटले, लागलेल्या काकड्यांसकट. रोगट केळीचे खुंटही पुढे खणून जाळावे लागले. अर्धा बाग गेला. उरलेला वाचला.

संक्रांतीनंतर अभिमनने गवंडी बोलावला. घराचे दोन भाग करून मधला दरवाजा विटांनी बुजवायचा होता. यापुढे तानुबाईने मागच्या गल्लीतून ये-जा करायची.

पंडित गवंडी ओशाळून तिच्याकडे बघत राहिला. "अक्का, दरवाजा बंद करी राहिनू..."

तानुबाई कामावर निघाली होती. विटांचा थर चढत होता. वरच्या फटीतून पलीकडे पाठमोऱ्या मंजुळाबाईचं डोकं तेवढं दिसत होतं. तानुबाईने क्षणभर तिकडे पाहिलं. मग तिने तांब्याभर पाणी आणून गवंड्यापुढे ठेवलं.

"ओळंबा लाव, पंडित," ती म्हणाली. "भित वाकडी नको. माले रोज देखनी शे."