रांजण गार होता

मी एक जुनी भट्टी आहे. मातीची भांडी भाजते. गोष्ट सांगताना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, पण लगेच अंगाला खेटू नका. मी चटका देते आणि त्याचे मला जराही वाईट वाटत नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या हातून झाला. बाहेर लोखंडी पत्रा, आत पांढऱ्या विटा, खाली गॅसचे दोन बर्नर. वेल्डरने दार बसवले, लाथ मारून बंद केले आणि म्हणाला, “मजबूत आहे.” माझ्या वाट्याला आलेले हे पहिले कौतुक. पुढे फारसे आले नाही. भांडे चांगले निघाले की करणाऱ्याचा हात चांगला आणि तडकले की मेली भट्टीच वाईट, असा माणसांचा न्याय असतो.

पाच जणांनी मिळून मला एका बंद पडलेल्या गॅरेजात आणून ठेवले. रोज सकाळी सहा ते आठ ते तिथे कुंभाराच्या चाकावर बसत आणि मग आपापल्या कामाला जात. एक होते चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दोघी नणंद-भावजय होत्या. त्या एका घरात राहून एकमेकींशी बोलत नसत, पण चाके मात्र शेजारी लावून बसत. चौथी दवाखान्यातली नर्स. तिला सगळे सिस्टरच म्हणत. पाचव्यांना बाकीचे सर म्हणत. मी त्यांना महाशय म्हणते.

मला अर्धी भरून पेटवणे परवडत नाही. म्हणून पाचही जणांची भांडी माझ्या पोटात एकत्र जात. त्यात एक जरी ओले राहिले तरी आतल्या वाफेने ते फुटते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. यावर मास्तरांनी एक नियम केला होता. आत ठेवण्याआधी भांडे गालाला लावायचे. गार लागले तर ते अजून ओले आहे, बाहेर काढायचे. आणि आपले भांडे आपण तपासायचे नाही, दुसऱ्याने तपासायचे.

“आपला तो बाब्या असतो,” मास्तर म्हणत. “आपलं भांडं आपल्याला कधी गार लागत नाही.”

सिस्टरचा मला आधी राग यायचा. ती रोज दहा वाडगे करी आणि त्यातले नऊ तारेने उभे कापून काठ कुठे जाड झाला, तळ कुठे बसला ते बघत राही. आठ वर्षे हा प्रकार चालला. दहा जन्माला यायचे आणि माझ्याकडे एक!

“पेशंटचीही अशीच चिरफाड करता का हो?” नणंदबाई टोमणा मारायच्या. सिस्टर तार पुसून पुढचा गोळा घ्यायची. शेवटी तिचे वाडगे इतके सारखे निघू लागले की एका हॉटेलने चाळीस मागितले. ते वेळेवर पोचले की नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करायचे, असे तिने मास्तरांना सांगितले. मी ऐकले. मला काय, मी चेहरा कोराच ठेवला.

महाशयांचा हात चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण त्यांची मुलाखत छापून आली आणि तिच्यात ते म्हणाले, ‘मी कोणाकडे शिकलो नाही. एकांतात घडलो.’ ती मास्तरांनी वाचली तेव्हा ते महाशयांचीच माती मळत होते. “एकांत म्हणे! मग मी काय भूत आहे?” ते पुटपुटले. तोंडावर मात्र काही बोलले नाहीत. मोठ्या माणसाशी वाकडे कोण घेणार?

भट्टी लावायच्या दिवशी महाशयांनी कमरेएवढा रांजण आणला. त्यांचे प्रदर्शन आठवड्यावर आले होते. नणंद-भावजय दुसरीकडे बघू लागल्या. मास्तर म्हणाले, “सिस्टर बघेल.”

सिस्टरने वाकून रांजणाला गाल लावला.

“ठीक आहे ना?” महाशय म्हणाले. “हॉटेलवाल्यांकडे तुमचं नाव मीच सुचवलं होतं, बरं का.”

“ठीक आहे,” ती म्हणाली.

रांजण गार होता. तो माझ्या विटांना टेकला तेव्हा मला कळले आणि तिला तर आधीच कळले होते. तिचे चाळीस वाडगे शेजारच्याच फळीवर होते. मला दार आहे, तोंड नाही. असते तर मी त्या दोघांची चांगली खरडपट्टी काढली असती.

दीड तासाने माझ्या पोटात धडाका झाला. फळ्या कोसळल्या. दार उघडले तेव्हा एकही भांडे धड नव्हते.

“भट्टीच भिकार आहे,” महाशय ओरडले. “भंगारात काढा!”

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनीसुद्धा! वीस वर्षे यांच्यासाठी पोट जाळले, त्याचे हे पांग फेडले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन माझ्या पत्र्यावर टकटक करू लागला. तेव्हा सिस्टर पुढे आली.

“भट्टीचा दोष नाही. रांजण गार होता. मला कळलं होतं.”

“मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?” मास्तर कडाडले.

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही धरता तशीच.”

“ऐकलंत का वहिनी!” नणंदबाईंच्या तोंडून निघून गेले.

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला, महाशय तणतणत गेले आणि हॉटेलचे कामही गेले. सिस्टरला कोणी माफ वगैरे केले नाही. माती अजून भाजलेली नव्हती, म्हणून सगळे तुकडे एका टाकीत भिजवले आणि मास्तरांनी तिला सांगितले, “मळ आता.” कोणाची माती कुठली ते ओळखू येत नव्हते. दोन महिने ती मळत राहिली आणि मळून झाले की दहा वाडगे करत राहिली. नणंदबाई तिच्याशी बोलत नव्हत्या, पण कचेरीत तिच्याच वाडग्यात जेवत. तिथे एकीने विचारले, हा कुठला? मग दुसरीने विचारले. अशी कामे येऊ लागली, एकेक करून, तीन वर्षे.

मित्रांनो, माझ्या विटांना आता भेगा पडल्या आहेत. वर्षातून एकदा त्या लिंपा आणि फुटलेल्या भांड्यांचे खापर माझ्यावर फोडू नका. तुमच्या शेजारी कोणी रोज कामाला बसत असेल तर त्याला खोटे ‘ठीक आहे’ म्हणू नका. तुम्ही गोड बोलता आणि भांडी सगळ्यांचीच फुटतात.

परवा सिस्टर गणवेश न घालता आली. राजीनामा दिला म्हणाली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मास्तरांनी चाकावरून मानही वर केली नाही.

“मग आता आठ वाजता पळायचं कारण नाही,” ते म्हणाले. “बस.”

ती बसली.